चाकांवरचं बेसिन

आमच्या काकूला कारखान्यात सगळे टाचणी म्हणत. एक तर ती तेवढीच बारीक, आणि दुसरं म्हणजे कुणाचं काम वाकडं दिसलं की टोचल्याशिवाय तिला राहवत नसे. कारखाना तंबूंचा. डोंगरात जाणाऱ्या लोकांसाठी तिथे तंबू शिवत, आणि तंबूची भिंत जिथे तळाला जुळते तो जोड काकूकडे असे, कारण पाणी शिरतं ते तिथूनच. वीस-बावीस वर्षं तिनं तो एकच जोड शिवला. तयार तंबू घडी होऊन पिशवीत जायचे, पिशव्या ट्रकमध्ये, ट्रक डोंगराकडे आणि काकू घराकडे. उभा तंबू तिनं पाहिला तो फक्त कारखान्याच्या आवारात, तपासणीसाठी लावलेला, आणि त्यातही बहुतेक वेळा वॉचमन झोपलेला असायचा.

"रिटायर झाले की हे सगळे जातात कुठे ते एकदा बघून येणार," असं ती म्हणायची. रिटायर व्हायला थोडा अवकाश होता, तेवढ्यात तिच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या.

डॉक्टरांनी पोटातून करायचं डायलिसिस सांगितलं. ते घरी करता येतं, हीच त्यातली चांगली गोष्ट आणि हीच वाईट. पोटात एक मऊ नळी कायमची बसवलेली. औषधी पाण्याची पिशवी वर हुकाला टांगायची, पाणी पोटात सोडायचं, काही तास आत ठेवायचं, मग ते खालच्या रिकाम्या पिशवीत काढायचं आणि नवीन भरायचं. दिवसातून चार वेळा, रोज, रविवारीसुद्धा. दर वेळी खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, आणि त्याआधी वाहत्या पाण्याखाली कोपरापर्यंत हात धुवायचे. नळी जोडताना जंतू आत गेला की पोटात संसर्ग होतो आणि त्यात माणूस दगावू शकतो. हे नर्सनं काकूला एकदा सांगितलं होतं आणि काकूनं आम्हाला शंभरदा.

त्यांच्या घराची मागची खोली त्यासाठी पांढरी रंगवून घेतली. एका भिंतीला छतापर्यंत पिशव्यांचे खोके, दुसऱ्या भिंतीला बेसिन, मध्ये खुर्ची, वर हुक. एक खिडकी होती, पण ती नेहमी बंद. काकूचा दिवस त्या चार वेळांच्या मधल्या तुकड्यांत बसेल तेवढाच. ती बाजारात जायची तेव्हासुद्धा घड्याळ बघत जायची. कुणाच्या लग्नाला गेली तर वधूवरांना भेटायच्या आधी "तुमच्याकडे स्वच्छ खोली कुठली?" हे विचारायची वेळ येई, म्हणून तिनं लग्नांना जाणंच सोडलं.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण गाडी मी चालवली. मी तिची पुतणी, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. दिवसभर लोक माझ्या शेजारी बसून मला मारायचा प्रयत्न करतात, त्यामुळे माझा स्वभाव तापट झालाय असं घरचे म्हणतात. खोटं आहे. मी लहानपणापासून तापट आहे, फक्त आता त्याचा पगार मिळतो. काका मला मास्तरीण म्हणतात.

त्या दिवशी मी खोके वर रचायला म्हणून गेले होते. काका बेसिनच्या नळाचा वायसर बदलत होते. काका प्लंबर. अर्ध्या गावाच्या भिंतींतून त्यांनी पाईप फिरवलेत आणि आपल्या हातचा जोड गळालेला दाखवा, असं आव्हान ते कुणालाही, न विचारता, देतात. काकूनं नळीला टोपण लावलं, मास्क काढला आणि म्हणाली, "बसा दोघंही."

आम्ही बसलो. म्हणजे मी बसले, काका पाना हातात धरून उभेच राहिले.

"मी डॉक्टरांशी बोलून आलेय," काकू म्हणाली. "मला या खोलीबाहेर जगता येतं का ते एकदा बघायचंय. डोंगरात जायचं, वरच्या खिंडीपर्यंत. काळजी घेऊन जाता येईल म्हणाले ते. जमलं तर हे सगळं पुढे चालू. नाही जमलं तर मी बंद करणार."

"बंद म्हणजे काय?" मी विचारलं. कळलं होतं, तरी विचारलं.

"बंद म्हणजे बंद. पिशवी लावायची नाही. थोड्या दिवसांत आपोआप आटपतं म्हणे. तेही विचारून घेतलंय."

मला तिचा भयंकर राग आला. माणसानं जीव असा पैजेला लावायचा? तेही नवऱ्यासमोर, बाजारातून येताना बटाटे आणा म्हणावं तितक्या सहज? आधीच घट्ट बसलेला नळ काका आणखी घट्ट करत राहिले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या दारात एक जुनी मिनीबस उभी होती.

कामगारांची ने-आण करून दमलेली गाडी ती. इंजीन मी तपासलं, ते ठणठणीत होतं. बाकी सगळं काकांनी हातात घेतलं. आतल्या सीटा उपटल्या, एका बाजूला पलंग बसवला, दुसऱ्या बाजूला गॅसची शेगडी. छताला पिशवीसाठी हुक. मागे पाण्याची मोठी टाकी, मोटर, आणि गाडीच्या मध्यावर पांढरंशुभ्र बेसिन. पलंग जरा तिरका झाला होता, कपाटाचं दार लागत नव्हतं, पण पाईपकाम असं की एखाद्या हॉस्पिटलनं बघायला यावं. शेजारी हसायचे. प्लंबरनं घर बांधलं की आधी न्हाणीघर आणि मग जागा उरली तर माणसं, असं एकानं ऐकवलं. काका म्हणाले, "हसा. हिचे हात धुतले जातील, बाकी मला काही नको."

त्यांचा मुलगा दुसऱ्या शहरात असतो. त्याचा फोन आला. "बाबा, आईला मारायला नेताय का?" काकूनं फोन ओढून घेतला. "मारायला नाही रे, बघायला नेतायत. तूही ये, मागे जागा आहे." तो आला नाही. पण रागारागात का होईना, वाटेतल्या प्रत्येक मोठ्या गावातल्या हॉस्पिटलचा नंबर त्यानं मला पाठवला. मी ते नंबर काकूला दाखवले नाहीत.

पहिले दोन दिवस सगळं सुरळीत झालं. वेळ झाली की मी सावलीत गाडी लावायची, खिडक्या बंद करायच्या, काकू हात धुवायची, पिशवी टांगायची. बेसिनच्या नळाला घरच्यापेक्षा जास्त धार होती. काका माझ्या शेजारी बसून प्रत्येक वळणावर उजव्या पायानं जमिनीवर ब्रेक दाबत होते. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "काका, तुमच्या पायाखाली ब्रेक नाही." ते म्हणाले, "माहितेय. पण तुझ्या पायाचा काय भरवसा?"

शेवटचं गाव मागे पडलं तसा डांबरी रस्ता संपला. झाडं विरळ होत होत थांबली. उरले ते तपकिरी, उघडे डोंगर, इतके मोठे की तास तासभर चालवूनही समोरचा डोंगर जागचा हलत नव्हता. खाली दरीत नदीची पांढरी रेघ. फोनची रेंज कधीच गेली होती. अर्ध्या दिवसात समोरून दोन ट्रक आले तेवढेच. काकू मागे पलंगावर बसून खिडकीला नाक लावून बघत होती. मध्येच ओरडायची, "अगं, केवढं आहे हे!" मला तेव्हा कुठे वाटलं की हे वेड थोडं शहाणपणाचंही असेल.

मग रस्त्यावर वळ्या लागल्या. पत्र्याच्या छपरावर असतात तशा आडव्या, एकीला लागून एक. गाडी धडकत नव्हती, पण थरथरत होती, दातांवर दात वाजतील अशी. सावकाश घेतली तरी तेच आणि जोरात घेतली तरी तेच. अर्ध्या तासानं मागून "टक्" असा आवाज आला. मला वाटलं कपाटाचं दार. काकांनी मात्र ओळखलं.

"थांबव," ते म्हणाले. "जोड गेला."

मी थांबेपर्यंत आणखी तीन वेळा टक् झालं. मागे गेलो तर घोटा बुडेल एवढं पाणी, आणि त्यात पिशव्यांच्या खोक्यांची बुडं भिजत होती. आतल्या पिशव्या सीलबंद, त्यांना काही झालं नव्हतं. पण टाकी रिकामी होत होती आणि पाईप एका जागी नाही, जिथे जिथे एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, होता तिथे तिथे तडकला होता. काकांनी पाईप इमारतीत बसवतात तसे बसवले होते, किंबहुना त्याहून पक्के: हातभर अंतरावर क्लॅम्प, प्रत्येक जोड सोल्युशन लावून कायमचा. कुठेही तसूभर हलायला जागा नाही. पण इमारत उभी असते आणि गाडी चालते. एखादा कामचुकार प्लंबर असता तर त्यानं निम्मे क्लॅम्प वाचवले असते आणि आमचे पाईप शाबूत राहिले असते. मी इतकी वर्षं गाड्या चालवते, माझ्याही डोक्यात हे आलं नाही.

काका त्या पाण्यात बसकण मारून बसले. तडकलेल्या एल्बोवरून अंगठा फिरवत म्हणाले, "मास्तरीण, गाडी फिरव. शेवटच्या गावात दवाखाना होता. तिथे पोचून करू. एक वेळ पुढेमागे झाली तरी चालते."

ते खोटं बोलत नव्हते, एखादी वेळ लांबली तर लगेच काही होत नाही. मी किल्लीला हात घातला.

"फिरवायची नाही," काकू पलंगावरून म्हणाली. पाय वर घेऊन बसली होती.

मग मात्र माझा तोल सुटला. मी म्हटलं, "काकू, पुरे! तुझी ती अट तुझ्याजवळ ठेव. परत गेलो की तू पिशव्या बंद करणार आणि पुढे गेलो तर इथे संसर्ग होऊन मरणार. म्हणजे आम्ही काय करायचं? नुसतं बघत बसायचं? ही धमकी आहे धमकी!"

तिला राग येईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "धमकी नाही गं. मला माझीच भीती वाटते. आता खाली गेलो तर उद्या सकाळी मीच म्हणेन, बरं झालं बाई परत आलो, आपलं घरच बरं. आणि मग ती खोली. पुन्हा बाहेर पडायचं बळ माझ्यात उरणार नाही. मी मला ओळखते."

गाडीच्या दारातून पाणी बाहेर मातीत गळत होतं.

मग तिनं काकांकडे पाहिलं. "अहो, उठा. असं तोंड पाडून बसू नका. मला तुमचे पाईप नकोत. नळ हवाय. नुसता नळ."

काका तिच्याकडे बघत राहिले. हळूहळू त्यांच्या डोळ्यांत काहीतरी फिरलं, एखादी मोटर चालू व्हावी तसं, आणि ते पँट झटकत उठले. पिण्याच्या पाण्याचे दोन मोठे प्लॅस्टिकचे जार पुढे ठेवले होते. एक अर्धाअधिक भरलेला, दुसरा संपलेला. संपलेल्या जारच्या बुडाशी त्यांनी ड्रिलनं भोक पाडलं आणि बेसिनचा नळ काढून थेट जारलाच बसवला, आतून बाहेरून वायसर लावून. पाईपचं नावच नको. पण भरलेला जार टांगायचा कसा? काकूनं पडद्याचं जाड कापड उतरवलं, चौपदरी केलं आणि दाभणानं त्याची झोळी शिवायला घेतली. टाके घालताना काकांकडे न बघता म्हणाली, "आम्ही तंबू शिवतो तेव्हा टाक्याला थोडी ढील देतो. नाहीतर वाऱ्यात फाटतो तो. मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"तू विचारू दिलंस का? उठल्यासुटल्या टोचत असतेस," काका म्हणाले. मला इतकं बरं वाटलं ते भांडण ऐकून.

उरलेलं पिण्याचं पाणी मी उकळलं. उंचावर पाणी लवकर उकळतं, पण तेवढं तापत नाही, म्हणून मोठ्या आचेवर बराच वेळ खळखळू दिलं. त्याच पाण्यानं आधी जार विसळला, मग निवलेलं पाणी त्यात भरलं. काकांनी जमीन कोरडी केली, भिंती पुसल्या, बेसिनखाली बादली लावली. मी खिडक्या लावल्या. सगळं झाल्यावर मी पिशवी उचलणार, तर काकू म्हणाली, "थांब. आपण धूळ उडवलीय. ती बसू दे." आणि त्या बंद गाडीत आम्ही तिघं मास्क लावून, हालचाल न करता, धूळ खाली बसायची वाट बघत राहिलो. बाहेर एवढा मोठा देखावा आणि आम्ही खिळ्यासारखे बसलेले.

मग ती उठली. काकांनी नळ सोडला. धार बारीक होती, पण वाहती होती. तिनं नखांपासून कोपरापर्यंत हात धुतले, दोन वेळा, जरासुद्धा घाई न करता. मग स्पिरिट चोळलं. नळी जोडताना तिची बोटं एकदाही थरथरली नाहीत.

पोटात पाणी भरून झाल्यावर तिनं आम्हाला नियम सांगितला. संसर्ग झाला तर बाहेर येणारं पाणी गढूळ होतं. पिशवी छापलेल्या कागदावर ठेवायची; अक्षरं आरपार वाचता आली तर पाणी स्वच्छ. "एका रात्रीत कळेलच असं नाही," ती म्हणाली. "म्हणून प्रत्येक पिशवी बघायची. कुठलीही गढूळ आली की तिथून गाडी खाली, मी एक शब्द बोलणार नाही. स्वच्छ आली तर वर, आणि मग तुम्ही बोलायचं नाही. कबूल?"

काका म्हणाले, "कबूल." मी मान हलवली. घासाघीस करायला जागाच ठेवली नव्हती तिनं.

रात्र तिथेच, एका ओढ्याकाठी काढली. नव्या पिशव्या थंडीनं गोठू नयेत म्हणून काकूनं त्या स्वतःच्या पांघरुणात घेतल्या. उजाडल्यावर मी ओढ्याचं पाणी गाळून उकळलं आणि पुन्हा सगळा सोहळा झाला. रात्रभराचं पाणी पिशवीत उतरलं. माझ्याकडे गाडीची माहितीपुस्तिका होती, तिचं एक पान काकूनं पिशवीखाली सरकवलं. घरी ती हे स्वतःच बघते. त्या दिवशी तिनं काकांना म्हटलं, "तुम्ही वाचा."

काकांनी चष्मा लावला. वाकले. बराच वेळ नुसतेच वाकून राहिले.

"टायरमधील हवा," ते वाचू लागले, "दर आठवड्याला, टायर थंड असताना तपासावी." मग त्यांनी पुढचंही वाचलं, आणि त्याच्या पुढचंही, पान संपेपर्यंत, शाळेतल्या मुलासारखं मोठ्यानं. काकू म्हणाली, "बास हो, कळलं. गाडी काढ गं."

खिंडीवर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. वारा असा की दार उघडायला मला खांदा लावावा लागला. काकू काकांचा हात धरून उतरली. चारी बाजूंनी डोंगर, त्यांच्यामागे आणखी डोंगर, आणि जवळपास एकही माणूस नाही. एकही तंबू नव्हता. मला वाईट वाटलं, तिच्यासाठी निदान एक तरी असायला हवा होता. तिनं सगळीकडे बघून घेतलं, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "इथे कोण लावतंय तंबू? माणसासकट उडून जाईल." मग बराच वेळ ती नुसती उभी राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं. वाऱ्यानं असेल, किंवा नसेल. मी विचारलं नाही.

"वेळ झाली," शेवटी तीच म्हणाली. "चला आत."

खिंडीच्या माथ्यावर, जगातल्या सगळ्यात मोठ्या खिडकीसमोर, आम्ही गाडीच्या खिडक्या लावून बसलो. धूळ बसू दिली. काकांनी नळ सोडला. खालची पिशवी भरली, वरची पोटात उतरली, आणि खालची पानावर ठेवून काकूनं या वेळी स्वतः वाचलं, मनातल्या मनात, ओठ हलवत. मग तिनं नळीला टोपण लावलं आणि मास्क खाली ओढला.

"अहो," ती म्हणाली, "खाली रेंज आली की त्या पिशव्यावाल्याला आठवणीनं फोन करा. पुढच्या महिन्याच्या आत्ताच सांगून ठेवा. मागच्या वेळी मेल्यानं किती उशीर केला होता."

काकांनी बादली उचलली होती, ती तशीच हातात राहिली. त्यांनी घसा साफ केला. "किती सांगू?"

"नेहमीएवढ्या," ती म्हणाली आणि खिडकीतून पलीकडच्या उतारावर जाणाऱ्या रस्त्याकडे बघत राहिली. "नाही, थांबा. थोड्या जास्तच सांगा."

मी पुढे जाऊन स्टेअरिंगवर डोकं ठेवलं आणि मनसोक्त रडून घेतलं. मग तोंड पुसलं, आरसा नीट केला आणि गाडी सुरू केली.